फ्लॅश चिपचा पुरवठा आणि रांगेतली आपली जागा

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी नोंदणी यंत्रे तयार करणाऱ्या एका तरुण कारखानदारांनी मला विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. चार वर्षे ज्या ८ गीगाबाइटच्या ईएमएमसी चिपवर (म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या फ्लॅश स्मृतीच्या चिपवर) त्यांचे यंत्र चालत होते, ती चिप नेहमीच्या वितरकाकडे मिळेनाशी झाली आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती जुन्या भावाच्या तिपटीने मिळते, पण मालाची खात्री कोणीच देत नाही. तेव्हा उत्पादक कंपन्यांनी संगनमत केले आहे काय, गुजरातमधील कारखान्याची वाट पाहावी काय, आणि वर्षाला जेमतेम १,२०० यंत्रे करणाऱ्या माणसाला या पुरवठादारांशी काही नाते जोडता येते काय, असे त्यांनी विचारले आहे. मी कुपवाडच्या वसाहतीत बावीस वर्षे बेदाण्याच्या शीतगृहांसाठी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी उपकरणे करतो आणि त्यातील चिपांची खरेदी आजही स्वतः पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संगनमताचा संशय अगदीच अवास्तव नाही. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीसाठी लागणाऱ्या डीरॅम चिपांच्या धंद्यात १९९९ ते २००२ च्या सुमारास भाव आपसात ठरवल्याचे मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेत कबूल केले होते, आणि २००५ मध्ये सॅमसंगने ३० कोटी डॉलर, तर हायनिक्सने साडेअठरा कोटी डॉलर दंड मान्य केला होता. तरीही फ्लॅशच्या आजच्या टंचाईचा उलगडा करण्यासाठी गुप्त बैठकांची कल्पना करावी लागत नाही. आपली ईएमएमसी ज्या प्रकारात मोडते त्या नॅन्ड फ्लॅशचे वेफर (ज्यांतून चिपा कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) मोठ्या प्रमाणावर तयार करणारे गट जगात पाचच आहेत: कोरियातील सॅमसंग, तिथलीच एसके हायनिक्स, जपानमधील कारखाने एकत्र चालवणाऱ्या किऑक्सिया आणि सॅनडिस्क, अमेरिकेची मायक्रॉन आणि चीनमधील वुहानची वायएमटीसी. एवढ्या थोड्या घरांना एकच बाजार दिसतो, एकाच तिमाहीत तोटा होतो आणि उत्पादन कमी करण्याची बुद्धीही साधारण एकाच वेळी होते.

ही बुद्धी इतक्या उशिरा का होते, हे आपल्या भागातील माणसाला उसावरून चटकन कळेल. आडसाली ऊस लावला की तोडणीला सोळा ते अठरा महिने लागतात. चांगल्या दराच्या वर्षी सगळ्यांनी लावलेला ऊस दीड वर्षाने एकदमच कारखान्याच्या दारात येतो आणि मग तोडणीच्या पाळीसाठी चिटबॉयच्या मागे फिरावे लागते. फ्लॅशचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर आणि दोनेक वर्षे लागतात. एका वेफरला कोऱ्या सिलिकॉनपासून तयार चिपांपर्यंत पोहोचायला तीन महिन्यांच्या आसपास वेळ जातो, आणि खर्चातला मोठा वाटा यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याचा असल्यामुळे यंत्रे थांबवली तरी तो खर्च थांबत नाही. म्हणून भाव पडत असतानाही कारखाना चालू ठेवणे मालकाला कमी तोट्याचे वाटते, आणि सगळ्यांनीच तसे केल्यामुळे भाव आणखी पडतो. थांबण्याची किंमत केवढी असते हे जून २०१९ मध्ये दिसले: जपानमधील योक्काइची येथे वीज तेरा मिनिटे गेली, आणि तेव्हा त्या कारखान्यात भागीदार असलेल्या वेस्टर्न डिजिटलने आपल्या वाट्याचे नुकसान सुमारे ६ एक्झाबाइट, म्हणजे ६०० कोटी गीगाबाइट क्षमतेच्या मालाचे असल्याचे सांगितले. आपल्याकडे तेरा मिनिटांना कोणी वीज गेली असेही म्हणत नाही.

महासाथीच्या काळात घरून काम आणि घरून शाळा यांमुळे वाढलेली मागणी २०२२ मध्ये ओसरली, तेव्हा सगळ्यांची गोदामे भरलेली होती. मायक्रॉनला २०२३ च्या आर्थिक वर्षात ५८० कोटी डॉलरहून अधिक निव्वळ तोटा झाला, आणि सहसा उत्पादन न घटवणाऱ्या सॅमसंगनेही एप्रिल २०२३ मध्ये ते घटवत असल्याचे उघडपणे सांगितले. त्यानंतर फ्लॅशमधील नवी गुंतवणूक हात आखडूनच झाली. हाताशी असलेला पैसा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणाऱ्या एचबीएम या महागड्या डीरॅमकडे वळला. मग २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरवाल्यांनी साठवणुकीची खरेदी वाढवली आणि टंचाई उघडी पडली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने सर्वसामान्य ग्राहकाला विकला जाणारा माल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जो उत्पादक मोठ्या गिऱ्हाइकासाठी स्वतःच्या नावाचे दुकान बंद करतो, त्याच्या यादीत आपले १,२०० नग दिसत नाहीत, हे मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

आपली चिप गायब होण्याचे कारण मात्र या चढउताराहून जुने आहे आणि ते मुख्यतः चिपच्या रचनेत आहे. फ्लॅशच्या पेशी पूर्वी सिलिकॉनवर एकाच थरात, सपाट मांडलेल्या असत, आणि क्षमता वाढवायची म्हणजे त्या पेशी अधिकाधिक बारीक करायच्या. १५ नॅनोमीटरच्या आसपास तो मार्ग संपला, कारण शेजारशेजारच्या पेशींतील विद्युतभार एकमेकांत मिसळू लागला. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थर एकावर एक रचलेली चिप बाजारात आणली आणि सगळा उद्योग उभा वाढू लागला. एसके हायनिक्सने २०२४ च्या अखेरीस ३२१ थरांच्या चिपांचे मोठे उत्पादन सुरू केले. परिणाम असा, की आज नव्या पद्धतीच्या चिपच्या एकाच तुकड्यात ५१२ गीगाबिट किंवा १ टेराबिट, म्हणजे ६४ किंवा १२८ गीगाबाइट मावतात. आपल्या ८ गीगाबाइटच्या ईएमएमसीत बसतो तो ६४ गीगाबिटचा तुकडा जुन्या, सपाट पद्धतीच्या उत्पादन साखळीवर तयार होत असे. नव्या पद्धतीने एवढा लहान तुकडा करता येणार नाही असे नाही, पण प्रत्येक तुकड्याभोवतीचे नियंत्रण मंडल, त्याची तपासणी आणि त्याचे आवरण यांचा खर्च क्षमतेच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे तो कोणालाच परवडत नाही. उसाच्या दोन मोळ्यांसाठी कोणी कारखान्याचे गाळप सुरू करत नाही. जुनी यंत्रे नव्या कामाला लावली किंवा मोडीत काढली की लहान क्षमतेचा माल कायमचा जातो. म्हणजे सध्याची तेजी ओसरली तरी मोठ्या क्षमतेचे भाव खाली येतील, आपली ८ गीगाबाइटची चिप त्याबरोबर परत येईलच असे नाही. भावाची वाट पाहणारे आणि चिपची वाट पाहणारे असे दोन वेगळे लोक असतात. आपण दुसऱ्या रांगेत आहात.

या उद्योगातील नाती कशी बनली ते थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्यासारख्यांनी काय मागावे आणि काय मागू नये ते त्यातूनच कळते. फ्लॅश मेमरीची कल्पना तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडली आणि १९८७ मध्ये नॅन्ड हा तिचा अधिक दाट प्रकार पुढे आणला. १९९२ मध्ये त्याच तोशिबाने हे तंत्र परवान्याने सॅमसंगला दिले. स्वतःचा शोध प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यावा, असे आज वाटते. पण तेव्हाचा, आणि आजचाही, कोणताही शहाणा गिऱ्हाईक एकाच घरून मिळणाऱ्या चिपवर आपले यंत्र बेतत नाही. दुसरे घर उभे केल्याशिवाय तोशिबाला बाजारच मिळाला नसता. पुढे ते दुसरे घर पहिल्याहून मोठे झाले, ही गोष्ट वेगळी. यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की दुसरा स्रोत मागणे हा पुरवठादाराचा अपमान नसतो. या धंद्याचा तो पायाच आहे.

तोशिबाने पुढे सॅनडिस्कबरोबर भागीदारी केली. योक्काइचीच्या इमारती एकाच्या, यंत्रांत दोघांचा पैसा आणि तयार वेफर जवळपास निम्मे-निम्मे, अशी ती मांडणी नावे बदलूनही आजवर टिकली आहे, आणि त्यामुळे वेगवेगळ्या दोन नावांचे माल घेतले म्हणजे दोन स्रोत झाले असे नेहमीच होत नाही. अमेरिकेतील अणुऊर्जा व्यवसायात बुडाल्यावर तोशिबाला मेमरीचा धंदा विकावा लागला, तेव्हा भागीदार असलेल्या वेस्टर्न डिजिटलने लवादापर्यंत धाव घेतली, कारण सॅनडिस्क २०१६ मध्येच तिच्याकडे आली होती. अखेर जून २०१८ मध्ये बेन कॅपिटलच्या पुढाकाराने सुमारे २ लाख कोटी येनला तो व्यवहार झाला आणि २०१९ मध्ये कंपनीचे नाव किऑक्सिया झाले. त्या खरेदीत पैसे घालणाऱ्यांत प्रतिस्पर्धी एसके हायनिक्स होती, आणि ॲपल, डेल, सीगेट, किंग्स्टन हे गिऱ्हाईकही होते. गिऱ्हाइकाने आपला पुरवठादार भलत्याच्या हाती पडू नये म्हणून स्वतः पैसे टाकावेत, इतके हे नाते खोलवर गेलेले आहे. ॲपलने तर २००५ मध्येच, आयपॉड नॅनो आल्यानंतर दोनच महिन्यांनी, हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाच घरांशी २०१० पर्यंतच्या पुरवठ्याचे करार केले आणि त्यापोटी १२५ कोटी डॉलर आगाऊ देण्याचे ठरवले. आपल्याकडे गूळ व्यापारी उचल देऊन शेतकऱ्याचे गुऱ्हाळ बांधून घेत असे, त्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणायची. ज्याने आगाऊ दिले त्याची जागा रांगेत पुढे. उरलेला माल बाकीच्यांत वाटायचा, आणि त्या वाटपालाच वितरक ॲलोकेशन म्हणतात. भाव वाढतो तेव्हा आपण भावाशी भांडत बसतो, पण टंचाईत खरा प्रश्न ॲलोकेशनचा असतो.

उत्पादकांचेही पुरवठादार आहेत आणि तिथेही घरे थोडीच आहेत, पण त्यात फार शिरण्याची गरज नाही. थर रचल्यावर त्यांतून आरपार खोल, केसाहून कितीतरी बारीक छिद्रे पाडण्याची यंत्रे मुख्यतः अमेरिकेची लॅम रिसर्च आणि जपानची टोकियो इलेक्ट्रॉन या कंपन्या देतात. जुलै २०१९ मध्ये जपानने हायड्रोजन फ्लोराइडसह तीन रसायनांच्या कोरियाकडे जाणाऱ्या निर्यातीवर जाचक परवाने लावले, तेव्हा कोरियातील चिप कंपन्यांची झोप उडाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने १२८ किंवा अधिक थरांच्या नॅन्डसाठी लागणारी यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले आणि त्याच डिसेंबरमध्ये वायएमटीसीचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले. चिनी माल स्वस्त मिळतो म्हणून त्याच्यावर यंत्र बेतणाऱ्याने, विशेषतः पुढे निर्यात करू पाहणाऱ्याने, हे ध्यानात ठेवावे.

गुजरातविषयी. साणंद येथील मायक्रॉनचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. एकूण गुंतवणूक २७५ कोटी डॉलरची, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा आणि पाचवा हिस्सा राज्याचा. पण तिथले काम आहे ते बाहेरून आलेल्या वेफरांची जुळणी, आवरण आणि तपासणी. वेफर तिथे तयार होणार नाहीत. धोलेऱ्याला टाटांचा जो कारखाना उभा राहत आहे तो वेफरचा आहे, परंतु नॅन्डचा नाही. चिपांवर मूळ सीमाशुल्क आपल्याकडे तसेही शून्य आहे आणि आयातीवर भरलेला वस्तू व सेवा कर पुढे वजावटीत परत मिळतो, त्यामुळे देशात जुळणी झाली म्हणून चिप स्वस्त होईल असे मानायला आधार नाही. देशात तंत्रज्ञ तयार होतील, तक्रार घेऊन जायला जवळ कोणी असेल, हे लाभ खरे आहेत. आपल्या पुढच्या हंगामाच्या यंत्रांना ते उपयोगी पडणार नाहीत.

आता आपल्या यंत्राकडे येतो. एका संकलन केंद्रावर ३०० उत्पादक, दिवसातून दोन वेळा दूध, आणि प्रत्येक वेळची लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम आणि वेळ यांची नोंद १०० बाइटची धरली, तर वर्षाच्या नोंदी २ लाख १९ हजार होतात आणि त्यांना जागा लागते सुमारे २२ मेगाबाइट. १ गीगाबिटच्या, म्हणजे १२८ मेगाबाइटच्या साध्या एसएलसी नॅन्ड चिपमध्ये पाच वर्षांहून अधिक काळाचा हिशेब मावतो. मग ८ गीगाबाइट कशासाठी घेतले होते? बहुधा ज्यांनी यंत्राचे मूळ मंडळ (सर्किट बोर्ड) तयार केले त्यांनी लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणारे तयार मंडळ उचलले आणि त्यावर ईएमएमसी होतीच म्हणून. मीही तेच केले होते, म्हणून अंदाज करतो.

एसएलसीच्या प्रत्येक पेशीत एकच बिट असतो, म्हणजे विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. मोबाइलमध्ये असते त्या टीएलसीत तीन बिटांसाठी आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे एसएलसीची पेशी साधारण ५० हजार ते १ लाख वेळा पुसणे सहन करते, तर टीएलसीची काही हजार वेळाच, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या केंद्रावर भार टिकण्याच्या बाबतीतही एसएलसी उजवी ठरते. ही लहान चिप आठ पायांच्या आवरणात मिळते, तिला विनबॉन्ड, मॅक्रोनिक्स, गिगाडिव्हाइस अशी तीन-चार घरे आहेत, आणि त्यांच्या चिपा एकमेकींच्या जागी बसतात. या घरांचे गिऱ्हाईक डेटा सेंटर नसून आपल्यासारखे, मीटरवाले आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. टंचाईत तिथलेही भाव वाढतात, मला याही वेळी जास्तच मोजावे लागले. पण ज्या रांगेत आपला नंबर लागू शकतो अशी ही रांग आहे. आज्ञा बहुतेक सारख्या असल्या तरी ओळख-क्रमांक आणि चार तारांनी वाचण्याची सोय चालू करण्याची पद्धत घराघरांत वेगळी असते, म्हणून आपल्या फर्मवेअरने (यंत्रात भरलेल्या मूळ आज्ञावलीने) चिपची ओळख विचारून त्याप्रमाणे वागले पाहिजे. हे काम एका चांगल्या मुलाचे पंधरा दिवसांचे आहे. तेवढ्याने दोन स्रोत कागदावरून प्रत्यक्षात येतात.

रंगीत पडदा आणि लिनक्स काढणे शक्यच नसेल, तर ईएमएमसी ठेवावी, पण क्षमतेचा हट्ट सोडावा. १५३ बॉलचे (तळाशी जोडणीचे १५३ गोल ठिपके असलेले) आवरण हे ठरलेल्या प्रमाणाचे असल्यामुळे ८ च्या जागी १६ किंवा ३२ गीगाबाइटची चिप त्याच मंडळावर बसते. मोठी चिप घेऊन तिचा काही भाग एका पेशीत एकच बिट ठेवण्याच्या पद्धतीने चालवावा. क्षमता निम्मी किंवा तिसरा हिस्सा उरते, आयुष्य पुष्कळ वाढते. आणि कोणतीही चिप असो, प्रत्येक शेतकऱ्याची १०० बाइटची नोंद आली की लगेच लिहिण्याची पद्धत बंद करावी. फ्लॅशमध्ये लिहिण्याचे किमान एकक, म्हणजे पान, काही किलोबाइटचे असते आणि पुसण्याचे त्याहून कितीतरी मोठे, त्यामुळे शंभर बाइटसाठी दरवेळी अख्खे पान खर्ची पडते. नोंदी आधी लहानशा एफरॅममध्ये जमवून पान भरले की उतरवाव्यात. वीज गेली तरी एफरॅममधील नोंद राहते.

लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. नमुन्याची पहिली पाच मंडळे मी आजही तिथल्याच मालावर करतो. पण तिथे येणारा माल कोणत्या वाटेने येतो ते माहीत असावे. वेफर तपासल्यावर उत्तम तुकडे उत्पादक स्वतःच्या एसएसडींसाठी आणि करारवाल्यांसाठी ठेवतो, त्याखालचे तुकडे कार्ड आणि पेन ड्राइव्ह जुळवणाऱ्यांकडे जातात, आणि उरलेले, त्यात सदोष ठरलेलेही, हातोहात फिरत राहतात. जुन्या मंडळांवरून काढून, घासून, नवे क्रमांक उमटवलेल्या चिपाही त्यातच मिसळतात. कार्डाच्या बाबतीत कंट्रोलर (चिपचा कारभार पाहणारा आतला नियंत्रक) बदलून ८ गीगाबाइटचे ३२ दाखवणे ही जुनी युक्ती आहे. पूर्ण क्षमतेइतका डेटा लिहून परत वाचून पाहिल्याशिवाय ती पकडता येत नाही, आणि त्यासाठी एफ३ सारखी फुकट साधने आहेत.

याहून घातक असते ते खरे पण बदललेले कार्ड. काही वर्षांपूर्वी मी एका नावाजलेल्या छापाची मेमरी कार्डे वापरत होतो. दुसऱ्या खेपेच्या पाकिटावर, कार्डावर, क्रमांकात काहीही फरक नव्हता. आतला कंट्रोलर मात्र बदलला होता, आणि लिहिताना वीज गेली की तो फाइलींची यादीच गमावत असे. तासगावकडच्या एका शीतगृहातील सतरा दिवसांच्या नोंदी गेल्या आणि मला तिथे जाऊन हात जोडावे लागले. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, की सर्वसामान्य वापराच्या मालात आतील भाग बदलण्याचा हक्क आम्ही राखून ठेवलेला आहे. ते खरेच होते. आतले घटक न बदलण्याची हमी औद्योगिक दर्जाच्या कार्डांबरोबर मिळते आणि तिच्यासाठीच जास्त पैसे मोजायचे असतात.

राहिला वितरक. आपल्यासारख्यांचे नाते उत्पादकाशी होत नाही, अधिकृत वितरकाशी होते, आणि त्याला आपल्याकडून काय हवे असते हे समजून घेतले तर तो फोनही उचलतो. त्याला मोठी मागणी हवी असते हे उघडच आहे, पण लहान गिऱ्हाइकाकडून त्याला बारा महिन्यांचा खरा अंदाज आणि वेळेवर पैसे हवे असतात. दर महिन्याला पुढच्या वर्षाचा अंदाज पाठवावा, त्यातले पहिले तीन महिने पक्के, पुढचे ढोबळ. आपली ऑर्डर तो पुढे उत्पादकाकडे नोंदवतो, आणि टंचाईत ती रद्द न करण्याच्या आणि माल परत न करण्याच्या अटीवर नोंदवावी लागते. म्हणून आपला अंदाज फुगलेला निघाला तर माल त्याच्या गळ्यात पडतो.

याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. २०२१ च्या टंचाईत घाबरून मी एकाच गरजेसाठी तीन वितरकांकडे ऑर्डर दिल्या, जिथून आधी येईल तिथून घेऊ म्हणून. २०२२ च्या अखेरीस तिन्हींकडून माल आला, तोपर्यंत भाव कोसळले होते. एकाचा घेतला, दुसऱ्याचे पैसे पाच महिने रखडवले आणि तिसऱ्याला नाही म्हटले. या टंचाईत त्या तिसऱ्याने मला दाराशीही उभे केले नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही केले नसते. माझ्यासारखे हजारो जण एकाच गरजेच्या तीन-तीन ऑर्डरी देतात तेव्हा उत्पादकाला तिप्पट मागणी दिसते, तो त्याप्रमाणे विस्तार करतो, आणि पुढचा कोसळा तिथेच पेरला जातो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. उत्पादक चिप बंद करण्याआधी सूचना देतो. शेवटची ऑर्डर नोंदवायला साधारण सहा महिने आणि माल उचलायला आणखी सहा महिने मिळतात. ही सूचना वितरकाकडून ज्या ईमेलवर येते तो पत्ता बहुतेक कारखान्यांत नोकरी सोडून गेलेल्या खरेदी कारकुनाचा असतो. आपली ८ गीगाबाइटची चिप एका रात्रीत बंद झाली नसणार. तिची सूचना कुठेतरी न वाचलेली पडलेली असण्याचीच शक्यता अधिक. सामाईक पत्ता करून तो प्रत्येक वितरकाकडे नोंदवावा.

शेवटच्या खरेदीचा माल ठेवायचा कसा, हाही प्रश्न आहे. चिपचे आवरण हवेतील ओलावा शोषते आणि मंडळावर डाखण्याच्या भट्टीत जाताना तो ओलावा वाफ होऊन आवरणाला तडा देतो. बहुतेक ईएमएमसींचे सीलबंद पाकीट फोडल्यावर १६८ तासांत ती मंडळावर बसवावी लागते, नाहीतर आधी मंद आचेवर भाजून कोरडी करावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले तेव्हा माझा असाच साठा गावभागातील तळमजल्यावरच्या खोलीत होता. कुपवाड उंचावर आहे, पण तिथे जागा नव्हती. पाकिटे पाण्यात बुडाली आणि वरून शाबूत दिसली, तरी आतले आर्द्रतादर्शक कार्ड गुलाबी झाले होते. साठा आता वरच्या मजल्यावर आणि दोन ठिकाणी असतो. आणखी एक: आधी फर्मवेअर भरून ठेवलेल्या चिपा वर्षानुवर्षे साठवू नयेत, भट्टीच्या उष्णतेत पेशींतील भार गळतो. कोऱ्याच ठेवाव्यात आणि मंडळावर बसवल्यावर भराव्यात.

सहकाराच्या मुलखात राहून एकत्र खरेदी का करू नये, असा विचार आपल्या मनात येईलच. आम्ही कुपवाड आणि मिरजेच्या तिघांनी दोन वर्षे केली. कोऱ्या एसएलसी चिपांच्या पूर्ण रीळाची किमान मागणी कोणालाच एकट्याला झेपत नव्हती, ती तिघांत झेपली आणि भावही बरा मिळाला. अडचण चिपांची झाली नाही, उधारीची झाली; वितरकाच्या दृष्टीने खाते एकाचेच होते आणि एक जण मागे राहिला की बाकीच्यांचे ॲलोकेशन अडत असे. पैसे आधी जमा आणि मग ऑर्डर, असा नियम केल्यावर ते सुरळीत झाले. सातारा आणि कराडकडचे दोन-तीन जण मिळत असतील तर आपणही हे करावे, पण एकच चिप सगळ्यांच्या मंडळावर बसते याची खात्री आधी करून.

तातडीचे म्हणून: हाती असलेल्या मागणीपुरते नग, समजा तीन महिन्यांचे, १६ किंवा ३२ गीगाबाइटच्या ईएमएमसीवर काढावेत आणि ते अधिकृत वितरकाकडूनच, महाग पडले तरी, घ्यावेत. त्याआधी पाच नमुने आपल्या मंडळावर बसवून बूटचा, म्हणजे यंत्र सुरू करणारा, विभाग नीट ओळखला जातो का ते पाहावे, आणि नोंद लिहिली जात असताना किमान पाचशे वेळा वीज तोडून परत जोडून पाहावी. हे काम रिले आणि टायमर लावून रात्रभरात होते. त्याच वेळी एसएलसीच्या मंडळाचे आरेखन सुरू करावे. ते आरेखन पाठवलेत तर चिपच्या आसपासची जोडणी मी पाहून देईन.